आहाराची वही: किती बारीक लिहायचं, आणि लिहून झाल्यावर करायचं काय?

कोरी_वही (धागाकर्ती)

'खाल्लेलं लिहून ठेवा' हा सल्ला फुकट मिळतो, पण कसं लिहायचं ते कुणी धड सांगत नाही. त्यामुळे बऱ्याच वह्यांची गत सारखीच होते. पहिले चार दिवस 'दूध १८० मिली, साखर १ सपाट चमचा' असं मोत्यासारख्या अक्षरात. आठव्या दिवशी 'दुपारी नेहमीचंच'. बाराव्या दिवशी पान कोरं. मग वही खणात जाते आणि खापर फुटतं इच्छाशक्तीवर.

माझ्या मते चूक वहीच्या आखणीत असते. एकाच वहीकडून वजन, साखर, पोटफुगी, मूड, पाणी, झोप असं सगळंच मागितलं जातं आणि रोज एवढं लिहिणं कुणालाच झेपत नाही. तर प्रश्न असे: वजन करून लिहायचं की अंदाजाने चालतं? कागद बरा की अॅप? कॅलरी मोजायलाच हव्यात का? आणि मुख्य म्हणजे दोन आठवडे लिहून झाल्यावर त्या वहीचं करायचं काय?

'कमी खा, जास्त चाला' हा प्रतिसाद मिळाला असं धरून चालते. तो पुन्हा देऊ नये.

----

खुसखुशीत

पहिली नोंद: धागा उघडला. बिस्किटे. नग अज्ञात.

----

तराजू

दोन आठवडे वजन करूनच लिहा, मग काटा कपाटात ठेवा. काटा जन्मभर वापरायचा नसतो, डोळ्याला वळण लागेपर्यंतच वापरायचा.

पण सगळंच मोजू नका. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थात ९ कॅलरी, पिष्टमय पदार्थात आणि प्रथिनात प्रत्येकी ४. काकडीचा अंदाज ५० ग्रॅमने चुकला तर ७-८ कॅलरींचा फरक पडतो. तेलाचा १० ग्रॅमने चुकला तर ९० चा. म्हणून तेल, लोणी, शेंगदाणे, बदाम, चीज, साखर आणि कोरडं धान्य काट्यावर घ्या. पालेभाजी, काकडी, टोमॅटो अंदाजाने लिहिले तरी आभाळ कोसळत नाही. लोक नेमकं उलटं करतात. टोमॅटो ग्रॅममध्ये आणि पुढे 'तेल थोडं'.

काटा साधा, ५ किलो क्षमतेचा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा पुरे. त्याची एक खोड माहीत असू द्या. बारीक धारेने तेल किंवा चिमटीने मीठ टाकत गेलात तर बरेच काटे ती वाढ खातात, आकडा हलतच नाही. काट्यातली यंत्रणा सूक्ष्म बदलाला शून्याचं सरकणं समजते आणि दुरुस्त करून टाकते. त्यावर उपाय सोपा: बाटलीच काट्यावर ठेवा, शून्य करा, बाटली उचलून तेल कढईत ओता आणि बाटली परत ठेवा. '-११' दिसलं की ११ ग्रॅम गेलं. मधाला, पीनट बटरला हीच युक्ती, चमचा चाटण्याआधी.

----

तीन_रकाने

तराजूंशी सपशेल असहमत. म्हणजे तेलाबद्दल बरोबर आहे, पण सुरुवात काट्यापासून करणं म्हणजे घोड्याआधी गाडी.

आधी प्रश्न ठरवा. एकच. 'संध्याकाळी एवढं का खाल्लं जातं?' हा एक प्रश्न. 'दिवसभरात साखर किती जाते?' हा दुसरा. 'भाज्या पुरेशा होतात का?' हा तिसरा. प्रत्येकाची वही वेगळी. पहिल्याला वेळ, भूक आणि जागा लागते, ग्रॅम लागत नाहीत. दुसऱ्याला फक्त गोड वस्तू आणि पेयं लिहिली तरी चालतं, जेवण लिहायचीच गरज नाही. तिसऱ्याला तर दिवसाला चार-पाच रेघा मारल्या की झालं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सुचवते (बटाटे-रताळी त्यात धरत नाहीत), तेव्हा साधारण ८० ग्रॅमला एक रेघ धरली की पाच रेघा.

ज्या वहीला प्रश्न नाही ती वही म्हणजे नुसती हजेरी.

----

तराजू

'घोड्याआधी गाडी' मान्य. पण प्रश्न वजन घटवण्याचा असेल तर? तिथे रेघांनी भागत नाही.

----

तीन_रकाने

तिथेही पहिला आठवडा ग्रॅमशिवाय. आधी सगळं लिहिलं जातंय का ते बघा. जे लिहिलंच नाही ते मोजणार कसं?

----

चौकस_मांजर

दोघांच्या मध्ये पडते.

१९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटा पण गाजलेला अभ्यास आला होता. १२०० कॅलरींपेक्षा कमी खाऊनही वजन हलत नाही असं सांगणाऱ्यांची खरी ऊर्जा त्यात समस्थानिक घातलेल्या पाण्याच्या पद्धतीने (खुणेचे जड अणू असलेलं पाणी पाजून ते लघवीतून किती वेगाने बाहेर पडतात ते बघून) मोजली. त्यांचा चयापचय ठीक होता. नोंदीत मात्र खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त लिहिली गेली होती. नमुना लहान होता, पण नोंद खालच्या बाजूला घसरते हे त्यानंतरही अनेकदा दिसलं आहे. यात लबाडी कमी, विसर जास्त. गळतं ते ठरावीक जागी: स्वयंपाक करताना चाखलेलं, मुलांच्या ताटातलं उरलेलं, चहा-कॉफीतली साखर, परतायचं तेल, उभ्याने खाल्लेलं. 'बसून खाल्लं तेच जेवण' अशी डोक्यात कुठेतरी नोंद असते.

दुसऱ्या बाजूला, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जवळजवळ १७०० लोकांच्या एका अमेरिकन अभ्यासात रोज नोंद ठेवणाऱ्यांचं वजन, नोंद न ठेवणाऱ्यांच्या साधारण दुप्पट घटलं होतं. अर्थात जो रोज लिहितो तो बाकीचंही मनापासून करत असणार, त्यामुळे सगळं श्रेय वहीला देऊ नये. आणि लिहायला लागणाऱ्या वेळाबद्दल: २०१९ च्या एका अभ्यासात ऑनलाइन नोंद करणाऱ्यांना पहिल्या महिन्यात दिवसाला सरासरी २३ मिनिटं लागत होती, सहाव्या महिन्यात १५ च्या आत आली. यशस्वी लोक दिवसातून जास्त वेळा लिहीत होते, जास्त वेळ नाही.

म्हणजे काट्यापेक्षा आणि रकान्यांपेक्षा 'केव्हा लिहिलं' हे महत्त्वाचं. रात्री एकदम आठवून लिहिलेली वही ही वही नसते, ती कादंबरी असते.

----

खुसखुशीत

समस्थानिक घातलेलं पाणी कुठल्या रकान्यात लिहायचं?

----

चौकस_मांजर

शून्य कॅलरी. पाण्याच्याच रकान्यात. :)

----

सव्वाशेर

खाण्याच्या *आधी* लिहा. ताट वाढून झालं की एक ओळ, मग पहिला घास. नंतर दुसऱ्यांदा घेतलं तर '+' करून तेवढंच. आधी लिहिल्याने दोन गोष्टी होतात: विसरायला वाव राहत नाही, आणि हात पुड्याकडे जाताना दहा सेकंद थांबतो. बऱ्याचदा ती दहा सेकंदच काम करतात, आकडे नव्हे.

----

वाटीभर

एक मूलभूत शंका. 'एक वाटी' म्हणजे किती? घरात चार आकाराच्या वाट्या आहेत.

----

तराजू

वाटी काट्यावर ठेवा, शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिलीलिटर. तो आकडा वाटीच्या बुडाला तैलरंगाच्या पेनाने लिहा आणि यापुढे तीच वाटी. चमच्यांचंही तसंच. मापाचा छोटा चमचा ५ मिली, मोठा १५ मिली. पण घरातल्या चहाच्या चमच्यात ३ ते ७ काहीही मावतं.

आणि 'सपाट' की 'शिगोशीग' ते लिहा. सपाट छोट्या चमच्यात साखर ४ ग्रॅम, शिगोशीग भरला की ६-७ सहज. चार कप चहात दोन-दोन चमचे म्हटलं तर सपाटने ३२ ग्रॅम होतात, शिगेने पन्नासच्या आसपास. २००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेल्या साखरेची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० ग्रॅम आहे, आणि शक्य तर २५ च्या खाली राहावं असं तीच संघटना सुचवते. म्हणजे चमच्याच्या शिगेवर सगळा निकाल फिरतो.

----

ओट्यापाशी

चार माणसांचा स्वयंपाक एका भांड्यात होतो. एकाच्या ताटात किती आलं ते कसं काढायचं? ही अडचण कुठलंच अॅप नीट सोडवत नाही.

----

तराजू

सोडवतं, पण रिकाम्या भांड्याचं वजन आधी करून ठेवलं तर. मसूर आमटीचं उदाहरण घेऊ.

रिकामं पातेलं ६४० ग्रॅम. आत गेलं: कोरडी मसूर २०० ग्रॅम (सुमारे ६८० कॅलरी), तेल ३० ग्रॅम (२७०), कांदा १५० ग्रॅम (६०), टोमॅटो २०० ग्रॅम (३६). पाणी, मीठ, मसाले सोडून द्या. एकूण १०४६. शिजल्यावर पातेल्यासकट वजन १८०० ग्रॅम, पातेलं वजा केलं की आमटी ११६०. १०४६ भागिले ११६० म्हणजे ग्रॅममागे ०.९ कॅलरी. ताटात २२० ग्रॅम वाढली तर १९८.

आता गंमत बघा. तेल लिहायचं राहिलं तर ग्रॅममागे ०.६७ येतात आणि तीच वाढणी १४७ ची होते. एका पदार्थात ५१ कॅलरी गायब, आणि असे पदार्थ दिवसात तीन-चार.

सगळ्या पातेल्यांची रिकामी वजनं एकदाच करून कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवा. झाकण आणि डाव धरून की न धरून तेही लिहा. गरम पातेलं थेट काट्यावर ठेवू नका, खाली लाकडी पाट घ्या आणि पाट ठेवूनच शून्य करा. उष्णतेने काट्याचा आकडा भरकटतो आणि प्लॅस्टिक वितळतं ते वेगळंच. काटा मधेच आपोआप बंद पडला तर शून्य जातं, म्हणून पाटाचंही वजन कागदावर असू द्या.

----

ओट्यापाशी

कपाटाच्या दाराची युक्ती भारी. वाचनखूण साठवली.

----

अॅपदुरुस्ती

अॅपवाल्यांसाठी. आकडे चुकतात ते बहुतेक याच चार जागी:

कच्चं आणि शिजलेलं. १०० ग्रॅम कोरडा तांदूळ शिजून अडीच ते तीनपट होतो. कोरड्यात सुमारे ३५० कॅलरी, शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये १३० च्या आसपास. ताटातला २०० ग्रॅम भात 'तांदूळ, कच्चा' या नोंदीवर टाकला की २६० च्या जागी ७०० होतात. एखाद्या दिवशी आकडा अचानक उडाला की आधी हे तपासा.

किलोज्यूल आणि किलोकॅलरी. १ किलोकॅलरी (बोलण्यातली 'कॅलरी' ती हीच) = ४.१८४ किलोज्यूल. लेबलवर दोन्ही असतात, घाईत वरचा आकडा टाकला जातो.

'१०० ग्रॅममध्ये' आणि 'एका वाढणीत'. पुड्यावर वाढणी ३० ग्रॅम धरलेली असते, माणूस पुडा धरतो.

लोकांनी भरलेल्या नोंदी. अनेक अॅप्समध्ये कुणीही पदार्थ भरू शकतं. पटकन तपासायची युक्ती: स्निग्धांश गुणिले ९, कर्बोदके गुणिले ४, प्रथिने गुणिले ४, बेरीज करा. लिहिलेल्या कॅलरींपासून १०-१५ टक्क्यांपेक्षा लांब असेल तर ती नोंद टाकून द्या. तंतुमय पदार्थ जास्त असले किंवा मद्य असलं (ग्रॅममागे ७) तर बेरीज जुळत नाही, तेवढी सूट द्या.

नेहमीचे पंधरा-वीस पदार्थ एकदा बसून स्वतः भरा आणि तेच वापरा. रोज शोधत बसणं हेच अॅप सुटण्याचं पहिलं कारण.

----

शंकासुर

पण मुळात लेबलच खरं कशावरून? अमेरिकेत लेबलवरच्या कॅलरींपेक्षा २० टक्के जास्त निघाल्या तरी ते नियमात बसतं. आणि बदामाचं काय? २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी माणसांना अख्खे बदाम खायला घालून मोजलं, तर २८ ग्रॅममधून शरीराला १२९ कॅलरी मिळाल्या. पारंपरिक गणिताने १६८-१७० यायला हव्या होत्या. पेशींच्या भिंतीत अडकलेलं तेल न पचताच बाहेर पडतं. तुम्ही ०.९ नि ०.६७ करत बसा, निसर्ग तुम्हाला हसतोय.

----

खुसखुशीत

म्हणजे न चावता गिळले तर शून्य?

----

चौकस_मांजर

'हलकं घ्या' म्हणायचं राहिलं बहुतेक तुमचं. पण दिशा बरोबर आहे: दळलेल्या, बारीक केलेल्या बदामातून जास्त मिळतात, अख्ख्यातून कमी.

शंकासुर, मुद्दा चोख, निष्कर्ष चुकीचा. घड्याळ रोज दहा मिनिटं पुढे असेल तर खरी वेळ कळत नाही, पण दोन गोष्टींमध्ये किती वेळ गेला ते बरोबर कळतं. एकाच पद्धतीने चुकणारी वही या आठवड्याची मागच्याशी तुलना करायला पुरते. खरी अडचण येते चूक रोज वेगळी असेल तेव्हा, म्हणजे सोमवारी काटा, मंगळवारी अंदाज, सुट्टीच्या दिवशी काहीच नाही.

----

शंकासुर

सुट्टीच्या दिवसाचं एकदम मान्य. तीन दिवसांची नोंद मागतात तेव्हाही दोन कामाचे आणि एक सुट्टीचा मागतात, ते याच कारणाने.

----

पोटपुराण

धाग्यात सगळं वजनाभोवती चाललंय. पोटाच्या तक्रारींसाठी वही लिहायची तर आखणीच निराळी होते.

तिथे ग्रॅमपेक्षा घड्याळ महत्त्वाचं. खाण्याची वेळ, त्रास सुरू झाल्याची वेळ, त्रास किती (० ते १०) आणि किती वेळ टिकला. पदार्थाचं नाव लिहून उपयोग नाही, घटक लिहा. 'सूप' लिहिलंत तर कांदा, लसूण, दूध, गहू यातलं काय होतं ते महिन्याने कुणाला आठवणार? सोबत औषधं, झोप, ताण, पाळीचे दिवस. यातला एक रकाना नसला की दोष निष्कारण दुधावर जातो.

सगळ्यात मोठी चूक: त्रास झाला तेवढंच लिहिणं. तीच वस्तू खाऊन त्रास *न* झालेले दिवस वहीत नसतील तर योगायोग आणि कारण यात फरक करता येत नाही. 'टोमॅटो खाल्ला, पोट फुगलं' तीनदा लिहिलंय, पण टोमॅटो महिन्यात बावीस वेळा खाल्ला असेल तर बिचारा टोमॅटो निर्दोष.

शिवाय आतड्यातल्या आंबण्याने होणारा त्रास काही तासांनी येतो, म्हणून फक्त शेवटच्या जेवणाकडे बघू नका, आदल्या दिवसाची पानंही चाळा. अॅलर्जीचं उलटं: अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं हे बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत होतं. असं झालं, किंवा श्वास अडकला, तर वही बाजूला ठेवून थेट इस्पितळ.

आणि संशयावरून एकदम दहा पदार्थ बंद करू नका. आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली होणाऱ्या फॉडमॅप पद्धतीतही (आतड्यात आंबणारी ठरावीक कर्बोदके काही काळ बंद ठेवतात ती) बंदी २ ते ६ आठवड्यांचीच असते, नंतर एकेक गट तीन-तीन दिवस वाढत्या प्रमाणात परत आणून बघतात. परत आणण्याचा टप्पा गाळला की माणूस वर्षानुवर्षं उगाच पथ्यावर राहतो.

----

मिठागर

मिठाची वही कशी ठेवणार? चिमूट काट्यावर येत नाही हे वर आलंच.

----

तराजू

चिमूट मोजू नका, बरणी मोजा. सोमवारी सकाळी बरणीचं वजन, पुढच्या सोमवारी परत. प्रौढाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी ही मर्यादा धरली तर चौघांना आठवड्याला १४० ग्रॅम. आणि त्यात पुड्यांमधून, ब्रेडमधून, सॉसमधून येणारं मीठही आलं, म्हणजे बरणीतून त्याहून बरंच कमी जायला हवं. लेबलवर सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. लोणच्यासाठी किंवा भांडी घासायला त्याच बरणीतून काढलं तर ते वजा करायला विसरू नका.

----

मिठागर

बरणी मोजा! इतकं सोपं. धन्यवाद.

----

सावधान_इंडिया_नाही

एक गंभीर प्रतिसाद, कारण धागा आकड्यांकडे झुकलाय.

खाण्याच्या विकारांचा पूर्वेतिहास असेल तर कॅलरींची वही स्वतःच्या मनाने सुरू करू नये. त्या उपचारांतही नोंद ठेवायला सांगतात, पण तिच्यात कॅलरी नसतात. वेळ, जागा, काय खाल्लं, खाणं हाताबाहेर गेलं असं वाटलं का, आणि त्या वेळी मनात काय होतं, एवढंच, आणि तेही उपचार करणाऱ्याबरोबर बसून वाचायला. पूर्वेतिहास नसला तरी काही खुणा ओळखून ठेवा: आकडा माहीत नाही म्हणून दुसऱ्याच्या घरचं जेवण टाळणं, एक नोंद चुकली म्हणून दिवसभर अस्वस्थ राहणं, 'उरलेल्या' कॅलरींसाठी जेवण गाळणं. यातलं काही दिसलं की वही बंद, डॉक्टरांशी बोलणं सुरू.

दुसरं, इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर वही बघून परस्पर पिष्टमय पदार्थ अर्ध्यावर आणू नका. औषधाची मात्रा तीच राहिली तर साखर धोकादायक उतरते. वही घेऊन आधी डॉक्टरांकडे जा. तिथे तिचा खरा उपयोग होतो, विशेषतः जेवायला सुरुवात केल्याची वेळ लिहिली असेल तर, कारण जेवणानंतरचे दोन तास तिथून मोजतात, हात धुतल्यापासून नाही.

----

सव्वाशेर

+१. शेवटची ओळ फ्रेम करून लावण्यासारखी.

----

क्लिक

कुणीच फोटोबद्दल बोललं नाही? ताटाचा फोटो काढा, झालं. आधी एक, नंतर एक (उरलेल्याचा). साधारण ४५ अंशातून, शेजारी नेहमी तोच चमचा, म्हणजे आकार कळतो. थेट वरून काढलात तर खोलगट वाडग्यात किती आहे ते दिसत नाही.

----

तीन_रकाने

फोटो चांगला, पण तेल, साखर आणि भूक त्यात दिसत नाही. फोटो काढा आणि रात्री त्यावरून वही पुरी करा. निव्वळ फोटोंचा ढीग कुणी परत उघडत नाही, लग्नाच्या अल्बमसारखा.

----

कोरी_वही

सगळ्यांचे आभार. माझा शेवटचा प्रश्न मात्र अजून लटकलेलाच आहे. चौदा पानं भरली. पुढे?

----

तीन_रकाने

बरं. चौदा पानं जमिनीवर ओळीने पसरा (म्हणून कागद! पडद्यावर चौदा दिवस एकत्र दिसत नाहीत). आकडे बघूच नका आधी. ही दोन ओळींची नोंद घ्या नमुन्याला:

दु. १२:५० – भात, डाळ, कोशिंबीर – भूक ६ – टेबलापाशी
सायं. ६:४० – बिस्किटे ९ – भूक ९ – ओट्यापाशी, उभ्याने

नवशिका ही वाचून लिहितो, 'बिस्किटे बंद'. पण बिस्किटांच्या ओळीत बघायचं ते भुकेचा ९ आणि आधीच्या ओळीची वेळ. मध्ये पावणेसहा तासांहून जास्त गेले आहेत. अशा भुकेला जे समोर येईल ते खाल्लं जाणार, बिस्किटे नसली तर दुसरं काही. तेव्हा दुरुस्ती साडेचारला करायची: एक फळ आणि मूठभर शेंगदाणे, किंवा एक अंडं. ते दहा दिवस करून बघा, ६:४० ची ओळ आपोआप आकसते का.

हीच ओळ भूक २ ची असती तर निदान वेगळं. मग जागा आणि सोबत बघा. ओट्यापाशी पुडा उघडा पडलेला असतो, किंवा घरी आल्याआल्या हात तिकडे जातो. तिथे पुडा वरच्या फळीवर डब्यात हलवणं हाच उपाय. साडेचारचं अंडं काही कामाचं नाही.

तर वाचण्याचा क्रम: खाण्यातला पाच तासांपेक्षा मोठा प्रत्येक खंड लाल पेनाने जोडा. भूक ३ च्या खाली असताना खाल्लेल्या ओळींना गोल करा. पेयांमधली साखर वेगळी बेरजा. मग जे सगळ्यात जास्त वेळा दिसलं त्यातली *एकच* गोष्ट बदला आणि पुढचे चौदा दिवस फक्त तिच्यापुरती वही लिहा.

भुकेची पट्टी पानाच्या डोक्यावर लिहून ठेवा: ० म्हणजे मुळीच भूक नाही, १० म्हणजे हात थरथरतायत. नाहीतर आठवड्याने कुणीतरी ती उलटी वापरतं आणि सगळं मुसळ केरात.

----

तराजू

आता माझीही एक माघार. त्या ६:४० च्या ओळीला काटा लागलाच नाही.

पण वजनासाठी लिहिणाऱ्यांना एक पुरवणी. वही रोज वाचा, वजनाचा आकडा मात्र रोज गंभीरपणे घेऊ नका. शरीरातलं पाणी, मीठ, पोटातलं अन्न यांनी ते दिवसात किलो-दीड किलो सहज हलतं. सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीची सरासरीशी तुलना करा. वहीत खारट जेवण आणि दुसऱ्या सकाळी किलोभर वाढ दिसली तर ते पाणी आहे, चरबी नव्हे.

----

शंकासुर

तराजूंनी माघार घेतली? धाग्याची तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी.

----

खुसखुशीत

लिहिली. वेळ, जागा, भूक ७.

----

कोरी_वही

तर आखणी ठरली. रकाने चार: वेळ, काय व किती, भूक, जागा. तेल आणि साखर काट्यावर, बाकी वाटीने. घास घेण्याआधी ओळ. पंधराव्या दिवशी जमिनीवर पानं. पोटाचा आणि मूडचा रकाना खोडला, लागला तर वेगळी वही.

----

सव्वाशेर

रात्री झोपताना तीस सेकंद अजून घ्या: 'चाखलं? उरलेलं संपवलं? पेयं?' एवढे तीन प्रश्न पानाच्या तळाशी छापून ठेवा आणि टिचक्या मारा. चौकस_मांजर यांनी सांगितलेली गळती बहुतेक तिथेच सापडते. आणि एखादा दिवस बुडला तर मागे जाऊन भरू नका, पानावर आडवी रेघ मारून पुढच्या पानावर या. आठवून भरलेलं पान कोऱ्या पानापेक्षा वाईट, कारण ते खरं वाटतं.

----

वाटीभर

जाता जाता: तेलाची बाटली काट्यावर ठेवायची ती झाकणासकट की झाकणाशिवाय?

----

तराजू

कशीही. दोन्ही वेळा सारखीच.

----

वाटीभर

तरीच -१४ येत होतं.